दुपारची बरणी

राजकोट, संवत्सरीचा दुसरा दिवस

पारुल,

मिच्छामि दुक्कडम्. कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा कर. हे वाक्य काल दिवसभरात मी इतक्या जणांना म्हटलं, की शेवटी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही म्हणून बसले. तो बिचारा घाबरून म्हणाला, बेन, रेग्युलेटर तर नवीनच बसवलाय. आपल्या जैन समाजात वर्षातून एकदा चराचराची क्षमा मागतात, आणि जिची खरोखर मागायला हवी तिला सोडून मागतात. तिच्याकडे गेलं म्हणजे मग ती मागावी लागते ना.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, एवढं त्या निळ्या खुणांवरून कळतं, आणि पुढे काही नाही. म्हणून पोस्टाने. पत्र उघडलंस की नाही हे मला कळणार नाही, आणि सध्या एवढी शंकेला जागा असलेली बरी वाटते.

सुधामासी सांगत होत्या की कच्छात रापरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तू फक्त बाळंतपणं करतेस, दुर्बिणीला हात लावत नाहीस. इथे तुझ्या शटरवर पाटी अजून तशीच आहे: डॉ. पारुल वोरा, गर्भाशयाच्या गाठी पोट न फाडता. अक्षरांवर कबुतरं बसतात. बाकी दवाखाना बंद झाल्यापासून गावात आपली गोष्ट लोक इतक्या प्रकारांनी सांगतात, की मला माझीच गोष्ट थांबून ऐकावी लागते. परवा कोणीतरी सांगितलं की तू माझ्या पोटात कात्री विसरलीस. म्हणून एकदा माझ्या हाताने लिहिते. तुला ठाऊक आहे, तरी वाच. मी सदर लिहिणारी बाई; आपली गोष्ट दुसऱ्याने वाईट भाषेत सांगितलेली मला सोसत नाही.

गाठ मोठी होती. तुझ्याआधी ज्यांना दाखवलं त्यांचं म्हणणं होतं, पोट उघडा, गर्भाशयच काढून टाका, आता या वयात त्याचा काय उपयोग. मी म्हटलं, भाडेकरू आला नाही म्हणून कोणी घर पाडतं का. हे वाक्य मी पुढच्या आठवड्यात सदरात टाकलं आणि ते फार गाजलं. गाजलेलं वाक्य लिहिल्यावर माणसाला त्याप्रमाणे वागावंही लागतं.

तू म्हणालीस, मोटीबेन, दुर्बिणीतून काढू, नुसती गाठ. बेंबीजवळून एक नळी, बाजूंना बारीक छिद्रं, दोन दिवसांत घरी, नवरात्रात गरब्याला. आपल्या आईच्या पोटावरचा तो उभा व्रण तुला आठवतो? लहानपणी आपण त्याला आगगाडीचा रूळ म्हणायचो. मला तो रूळ नको होता. गेल्या वर्षी आषाढात मी तुझ्या टेबलावर झोपले.

बाहेरच्या टीव्हीवर सगळ्या नातेवाइकांनी माझं पोट आतून पाहिलं. सुधामासी गाठिया खाता खाता म्हणाल्या, आतून किती स्वच्छ आहे हर्षिदा. जशी काही मी पाहुणे येणार म्हणून झाडून ठेवलं होतं. मग ती फिरती नळी आली. गाठ तिच्या तोंडाशी लागली की लांब पट्ट्या निघत, दुधी किसावा तशा, आणि एवढ्याशा छिद्रातून तेवढी गाठ बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी बेशुद्ध होते, नाहीतर मीही वाजवल्या असत्या.

थैली तू वापरली नाहीस. गाठ आतल्या आत थैलीत भरायची आणि थैलीतच किसायची, म्हणजे कण पोटात सांडत नाहीत, हे मला तू नंतर सांगितलंस, या वैशाखात, माझ्या पलंगाच्या कडेला बसून, तोंड भिंतीकडे करून. थैलीने वेळ लागतो, नीट दिसत नाही, आणि गाठ साधीच दिसत होती. राजकोटात चिमूटभर कोथिंबीरसुद्धा प्लास्टिकच्या झबला-पिशवीत घालून देतात, पारुल.

गाठ साधी नव्हती. गाठीच्या वेशात कॅन्सर बसला होता. सार्कोमा, ऐकायला एखाद्या साडीच्या दुकानाचं नाव वाटतं. जे कण सांडले ते माझ्या पोटात जागोजाग रुजले. सोनोग्राफीत तू ते पाहिलंस. माझ्या पोटावरचं जेल पुसलंस, मग पुन्हा पुसलंस, कोरड्या पोटावर. पुढे अहमदाबादला सुई घालून तपासलं, नाव कळलं, आणि त्याच आठवड्यात तुझं शटर खाली आलं.

आता कामाचं. दिवाळीनंतर, देवदिवाळी झाली की, अहमदाबादला डॉ. अंताणी माझं पोट उघडणार आहेत. वरपासून खालपर्यंत. तुझी ती बारीक छिद्रं त्या रुळात कुठे दिसणारही नाहीत. तू यावंस असं मला वाटतं. डॉक्टर म्हणून नको, तिथे डॉक्टरांची गर्दी आहे. बाहेरच्या बाकावर बसायला माझं कोणीतरी हवं.

घरी सगळे ठीक. बांनी या वयात अठ्ठाईचे उपवास केले, आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर. माझ्या या सासूबाईंचं वजन आता त्यांच्या जपमाळेइतकं राहिलंय. काल संध्याकाळी प्रफुल्ल माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, मिच्छामि दुक्कडम् म्हणाले आणि तिथून हलेचनात. मी म्हटलं, अहो, झालं, केलं माफ, जेवायला चला. तरी उभे. बेअरिंगच्या दुकानात बसून नवरा इतका भावुक कसा राहिला, याचं मला कौतुक वाटलं.

तुझी
मोटीबेन


राजकोट, नवरात्राचं पहिलं नोरतं

पारुल,

उत्तर नाही. ठीक आहे. मंडप पडलेत, समोरच्या मैदानात ढोल सुरू आहे, आणि मी खुर्चीत बसून टाळी देते. घागऱ्याचा नाडा बांधायला पोटाला आता जागा नाही. पाणी भरतं, अंताणी सुई लावून काढतात. शेजारच्या कोकिळाबेन लांबून बघून म्हणाल्या, कितवा महिना. मी म्हटलं, बेन, याचे महिने डॉक्टरांनाच मोजता येत नाहीत.

आम्ही अहमदाबादला जाऊन आलो. अंताणी बोलतात कमी, आणि बोलताना चष्मा काढतात, म्हणजे आपला चेहरा त्यांना पुसट दिसत असावा. मला ते आवडलं. त्यांनी सगळे कागद लावून घेतले आणि विचारलं, पहिल्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा लॅबचा रिपोर्ट यात नाही, तो कुठाय?

प्रफुल्ल म्हणाले, घराला रंग दिला तेव्हा कागद इकडेतिकडे झाले.

अंताणी म्हणाले, हरकत नाही, लॅबकडे काचेवरचे नमुने असतात, लॅबचं नाव सांगा. प्रफुल्लना लॅबचं नाव आठवेना. बेअरिंगचा नंबर ऐकून ते कोणत्या वर्षीच्या कोणत्या ट्रॅक्टरचं ते सांगणारा माणूस. त्याला आपल्या बायकोची गाठ कुठल्या लॅबला दिली ते आठवेना. अंताणींनी चष्मा लावला, त्यांच्याकडे पाहिलं, परत काढला.

येताना गाडीत ते सगळा वेळ एसीची झडप वरखाली करत होते.

तर मी तुला विचारते. तू तो रिपोर्ट पाहिलास? थांब, मीच सांगते. नाही पाहिलास. टाके काढल्यावर चार दिवसांनी तुझा फोन आला, तेव्हा मी शेजारीच मोसंबी सोलत होते. तू विचारलंस, कुमार, रिपोर्ट आला का? हे म्हणाले, हो बेन, सगळं नॉर्मल. तू म्हणालीस, छान. मग दोघं हवेबद्दल बोललात.

दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर तू म्हटलं असतंस, कागद घेऊन या, मला दाखवा. एका गावच्या सरपंचाला तू रिपोर्टसाठी दारातून परत पाठवलं होतंस, मी बघितलंय. पण घरच्या जावयाकडे, कुमारांकडे, कागद मागायचा? आपल्याकडे कुमारांना पाण्याचा पेलासुद्धा ताटलीत ठेवून देतात. आई गेली तेव्हा बाबा रडता रडता आत येऊन विचारून गेले होते, कुमारांचा चहा झाला का. त्या घरात तू वाढलीस. शस्त्रक्रिया तू परदेशी मशीनने केलीस आणि रिपोर्ट आपल्या माहेरच्या रीतीने घेतलास.

अहमदाबादहून आल्यापासून माझ्या मनात एक शंका आहे. ती आज लिहीत नाही. सदरात मी शंका लिहून टाकते आणि माणसं मग खुलासे पाठवतात. घरात तसं करता येत नाही. खुलासा पाठवणारा रात्री शेजारी झोपतो.

येतेस का, एवढं तरी कळव.

मोटीबेन


राजकोट, शरद पूनम

पारुल,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. पहिल्यांदा ते फार चांगलं झालं होतं म्हणून.

काल दुपारी मला उलट्या होत होत्या. बा पाठीवर हात फिरवत बसल्या होत्या. मी काहीतरी बरळले असेन, कुठल्या जन्मीचं भोगतेय वगैरे. आजारात माणूस आपल्या सदरात ज्यांची टिंगल करतो त्यांच्यासारखाच बोलायला लागतो. बा म्हणाल्या,

"वहू, जीव नको जाळू. तुझ्या गाठीचं पाप आपल्या माथ्यावर नाही. मी माझ्या डोळ्यांसमोर परठवलीय ती."

मला आधी कळलं नाही. परठवणं हा शब्द आपण उपाश्रयातल्या महाराजसाहेबांच्या संदर्भात ऐकलेला. शरीरातून निघालेलं काही टाकायचं तर कोरड्या जमिनीवर, जिवांची हिंसा न होता, जपून टाकायचं. मी विचारलं, बा, काय परठवलंत?

त्यांनी सगळं सांगितलं, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं. ऑपरेशन संपलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तुझ्या नर्सने नेहमीप्रमाणे बरणी नातेवाइकाच्या हातात दिली, लॅबला पोचवा म्हणून. प्रफुल्ल लॅबच्या दारात गेले तर अर्धं शटर खाली. चारनंतर या. आपलं राजकोट, पारुल. सगळं जग जागं असतं तेव्हा आपण जेवून पंख्याखाली आडवे होतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. मी स्वतः त्यावर कौतुकाने तीन लेख लिहिलेत. प्रफुल्ल बरणी झबल्यात घालून घरी आले. ओट्यावरच्या कपाटात ठेवली, हातपाय धुतले, जेवले, झोपले.

बांना झबलं दिसलं. आत मांस. घरात लसूण येत नाही, तिथे बरणीभर मांस, आणि तेही त्यांच्या हिशोबाने मेलेलं नाही: शरीरापासून सुटलेल्या मांसात थोड्याच वेळात असंख्य बारीक जीव उपजतात, आणि ते मेले की पाप आपल्याला. ते पाणी औषधाचं आहे, त्यात काही उपजत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रफुल्लना उठवलं. प्रफुल्ल म्हणाले, बा, चार वाजता देऊन येतो. बा म्हणाल्या, चारपर्यंत किती जीव जातील याचा विचार कर.

तर हे स्कूटर काढून निघाले, मागे बा, बांच्या मांडीवर बरणी. विद्यापीठाच्या मागे ते उजाड माळरान आहे ना, तिथे. आषाढ असला तरी पाऊस हुलकावणी देत होता आणि ऊन कडक होतं. बा म्हणाल्या,

"पातळ पसरली काडीने. एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर राहू दिली नाही. वर कोरडी माती, राख. ओल राहिली की उपजतात. एकही कण बरणीत ठेवला नाही बघ."

मी विचारलं, सगळी?

"सगळी. आणि वर नवकार मंत्र म्हटला. तुझ्या पोटातून एवढंच तर आलं होतं, वहू. कचऱ्यात कसं जाऊ देऊ?"

आणि त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. एवढ्या वर्षांत मला मूल नाही यावरून त्या बाईने एक शब्द काढला नाही, पारुल. त्या दुपारी माळावर उन्हात उभं राहून त्यांनी काय पोचवलं ते मला काल कळलं.

तेव्हा अशी आपली कथा. तू कण सांडलेस आणि ते रुजले. बांनी कण पसरले, ते रुजू नयेत म्हणून. दोघींनी आपापलं काम मन लावून केलं. मधे एक माणूस होता, त्याच्या हातात बरणी होती आणि त्याला झोप आली होती.

प्रफुल्लना मी दुकानात जाऊन विचारलं. घरात बा असतात. गिऱ्हाईक उभं होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग विचारलं, रिपोर्ट नॉर्मल कसा आला हो? ते काउंटरवरचं बेअरिंग बोटाने फिरवत राहिले. ते फिरायचं थांबल्यावर बोलले. म्हणाले, पारुलबेनने स्वतः काढली होती, तिने साधी आहे सांगितलं होतं, मला वाटलं लॅब म्हणजे नुसती रीत. तू उठून बसली होतीस, हसत होतीस. बाने असं केलं म्हणून सांगितलं असतं तर तू सदरात लिहिलं असतंस.

हे मात्र खरं. मी लिहिलं असतं. बांवर सगळ्या जगाला हसवलं असतं आणि कदाचित मी वाचले असते.

अंताणींना फोन केला. तेव्हाच कळलं असतं तर? म्हणाले, बेन, लगेच पोट उघडून धुऊन-पुसून घेता आलं असतं. तुम्ही बऱ्या झाला असता असं मी म्हणणार नाही. वेळ मिळाला असता असं म्हणेन.

बांना मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगायचं नाहीस, कधीच नाही. त्यांनी एका मुंगीचाही जीव घेतलेला नाही असं त्यांना वाटतं, आणि ते तसंच राहू दे.

तुला सांगितलं, कारण तू रापरला बसून एकटीच सगळं ओढते आहेस. आता ये.

हर्षिदा


राजकोट, धनतेरस

पारुल,

तुझं पत्र पोचलं. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलेल्या दोन ओळींना पत्र म्हणायचं असेल तर. 'थैली मी वापरली नाही, मोटीबेन. कुमारांना सोडून दे.'

मला त्यात तुझं अक्षर आवडलं. बाकी काही नाही.

तू लहानपणापासून अशीच. बरणी फुटली की आधी 'मी फोडली' म्हणून पुढे व्हायचीस, मग घरच्यांना आणखी काही विचारताच यायचं नाही. दोष सगळाच्या सगळा उचलून कच्छला घेऊन गेलीस, आमच्या वाट्याला काही ठेवलंच नाहीस. वाण्याची मुलगी ना तू? वाटणी तरी सरळ कर. थैली तुझी. झोप प्रफुल्लची. 'छान' तुझं, 'नॉर्मल' त्यांचं. घर पाडायचं नाही हे वाक्य माझं. बांना यातून वगळ. त्यांचा हिशोब दुसऱ्या वहीत चालतो.

आणि सोडून दे म्हणतेस, तर ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. संवत्सरीला लिहिलं ते छापील होतं. प्रफुल्लना तर नाहीच केलं. ते दुपारी आडवे झाले की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवते. उठून बसतात, मला लिंबूपाणी करून देतात. मी पिते. संसार याहून वेगळा काय असतो मला ठाऊक नाही.

पण माफ केल्यावर बोलवायचं म्हटलं तर माझ्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून माफ न करता बोलावते आहे. तसंच येता येत असेल तर ये.

आणखी एक. तुझ्या पाटीखाली अजून बाया येऊन उभ्या राहतात. परवा एक पडधरीहून आली होती, मुलगी बरोबर, हातात सोनोग्राफीची फिल्म. मला म्हणाली, डॉक्टरबेन कधी येणार, बाकीचे सगळे पोट फाडायचं म्हणतात. माझं पोट बघून तिने पुढचं विचारलं नाही. तिला मी काय सांगायला हवं होतं? दुर्बीण वाईट? नळी वाईट? मला तर तिसऱ्या दिवशी चालता येत होतं, त्या दिवसांत मी खरंच खूश होते. तू ते काम टाकून द्यावंस असं मला वाटत नाही. थैलीत घालून कर, आणि रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाच, मग समोर कुमार असो की कलेक्टर. एवढं मी मेल्यावर केलंस तरी चालेल.

पणत्या आल्या आहेत. बा वाती वळत बसल्या आहेत, तुझ्या नावाची एक बाजूला ठेवतात दरवर्षी, यंदाही ठेवली.

मोटीबेन


अहमदाबाद, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी

पारुल,

हा कागद रेवाबेन आयाबरोबर खाली पाठवते आहे. त्यांना मी सांगितलं, बाकावर जी बाई चप्पल काढून पाय वर घेऊन बसलीय, तिला द्या. त्या म्हणाल्या, डॉक्टर अशा बसतात? मी म्हटलं, आमच्याकडच्या बसतात.

खिडकीतून मला अंगण पूर्ण दिसतं. रिक्षातून उतरलीस तेव्हा मी ओळखलं नाही. केस किती पांढरे होऊ दिलेस. मग तू दाराकडे न येता बाकाकडे वळलीस तेव्हा ओळखलं.

तुझ्या आणि प्रफुल्लच्या मधे डबा ठेवलेला आहे, बांनी पाठवलेला, त्यात थेपले आहेत आणि कोणी उघडत नाही. प्रफुल्ल बराच वेळ बोलत होते. इथवर ऐकू येत नाही, पण एकदा त्यांनी हाताने पसरल्यासारखं केलं, काडीने काही पसरावं तसं, तेव्हा मला कळलं काय चाललंय. हे मी त्यांना सांगायला सांगितलं नव्हतं. तू त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहत होतीस. कुमारांच्या तोंडाकडे तू आजवर कधी असं पाहिलं नव्हतंस. नंतर त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. तू घेतलीस, पण प्यायली नाहीस अजून.

मला निळा गाऊन घातलाय, मागून उघडा. लाज राखायला नर्सने वर चादर दिलीय. सही करून झाली. तू दिसल्याशिवाय सही करणार नाही असं ठरवलं होतं, पण तू यायच्या आधीच केली. भूलवाल्या डॉक्टरांना दुसरीकडे जायचं होतं. तर त्यात तुझा काही संबंध नाही, हे लक्षात ठेव. ही सही माझी.

अंताणी सकाळी येऊन गेले. चष्मा काढला नाही. म्हणाले, जेवढं हाताला लागेल तेवढं काढू, जे आतड्याला धरून आहे त्याचं उघडल्यावर बघू. मी विचारलं, तुकडे करून? ते म्हणाले, नाही बेन, जसं आहे तसं, अखंड.

तर तुझं काम एवढंच. साधारण दुपारी ते बाहेर बरणी देतील. प्रफुल्लना मी सांगून ठेवलंय, पारुल नेईल. त्यांनी मान हलवली. बरणीवरचं नाव वाच, माझं आहे ना ते बघ, पाणी गाठीच्या वर आहे ना ते बघ. लॅब समोरच्या रस्त्याला, औषधाच्या दुकानावर आहे, आणि अहमदाबाद दुपारी झोपत नाही. रिपोर्ट यायला आठवडा लागेल म्हणतात. तो कागद तू वाच. मी असले तर मला वाचून दाखव, जे असेल ते. नॉर्मल हा शब्द मात्र माझ्यासमोर नको.

वर यायचं असेल तर आत्ताच ये, स्ट्रेचर आणायला गेलेत. नाही आलीस तरी मला राग नाही. आहे तोच पुष्कळ आहे. आणि आलीस तर पाया पडायला वाकू नकोस, तुझी नजर माझ्या पोटाकडे जाईल.

या वेळी बरणी मोठी असेल, आणि जड. दोन्ही हातांनी धर.

मोटीबेन